गोवर नसलेली मुलंही मोजा

२०२२च्या नोव्हेंबरात माझ्या भाचीला ताप आला. चेंबूरला राहते ती, तेव्हा तीन वर्षांची होती. ताप आल्याच्या तिसऱ्या दिवशी कानामागं बारीक पुरळ दिसलं, संध्याकाळपर्यंत ते चेहऱ्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी छातीवर उतरलं. डोळे लालभडक, नाक गळतंय, खोकला थांबत नाही. बहिणीचा फोन आला. "दादा, गोवर असेल का रे?" मी विचारलं, लस झालीय ना? "एक झालीय. दुसरीच्या वेळी कोविडची लाट होती. राहिली ती राहिलीच."

जवळच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'व्हायरल रॅश' असं लिहिलं, तापाचं सिरप दिलं आणि चार दिवस घरातच ठेवा म्हणून सांगितलं. रक्त घेतलं नाही, कुणाला कळवलंही नाही. मुलगी आठवड्याभरात पुन्हा जिन्यात धावायला लागली आणि आम्ही सगळे ते विसरलो.

त्याच दिवसांत रोज संध्याकाळी महापालिकेचा गोवराचा आकडा यायचा. निश्चित रुग्ण इतके, संशयित इतके, मृत्यू इतके. महिना संपता संपता निश्चित रुग्ण शेकड्यांत होते आणि ताप-पुरळ असलेले संशयित हजारांत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत अर्थातच पहिला आकडा. भाची यांतल्या कुठल्याही रकान्यात नव्हती. निश्चित नाही, संशयित नाही, आणि 'तपासलं, गोवर नाही निघाला' अशा यादीतही नाही. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे शेवटचं. ही मुंबईतल्या एका मुलीची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण असं एकच मूल होतं असं मानायला काही आधार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोवराच्या साथीत किती मुलांना गोवर झाला हा आकडा एकट्यानं काही सांगत नाही. त्याच्या शेजारी किती मुलं तपासली आणि किती मुलांना गोवर नव्हता, हे छापलं पाहिजे. तेही एकूण शहराचं नको, विभागवार हवं. आणि साथ असो वा नसो, दर आठवड्याला हवं. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'निश्चित' या शब्दाकडं बघू. गोवर हा एके काळी मोजण्याचा आजारच नव्हता. मी परळच्या चाळीत वाढलो. १९७९च्या सुमारास आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांना एकामागोमाग गोवर निघाला. आईनं उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, खोलीत अंधार केला. 'नीट बाहेर पडू दे, आत जाता कामा नये' हे शेजारच्या आजींचं वाक्य अजून कानात आहे. कुणी डॉक्टरला बोलावलं असेल तर मला आठवत नाही. तेव्हा गोवर मोजायला जन्मनोंद पुरेशी होती. जितकी मुलं जन्मली तितक्यांना तो आज ना उद्या होणार, हे धरलेलंच होतं. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला, त्यात गोवराची लस आली, आणि हळूहळू मोजण्याची गरज तयार झाली. आजार सगळ्यांना होईनासा झाला की मगच 'कुणाला झाला' हा प्रश्न उभा राहतो.

आज मोजणी सुरू होते ती गोवराच्या संशयापासून नाही, त्याच्याही आधीपासून. ताप आणि अंगावर लाल, सपाट किंवा किंचित उठलेलं, पाणी न भरलेलं पुरळ, एवढं दिसलं की ते मूल संशयित. डॉक्टरला गोवर वाटो न वाटो. जाळी मुद्दाम मोठी ठेवलेली आहे. कारण असं पुरळ रुबेलानं येतं, डेंग्यूनं येतं, पार्व्हो विषाणूनं येतं, औषधाच्या ॲलर्जीनंही येतं. त्यातून गोवर वेगळा काढायचा तो रक्तातल्या आयजीएम या प्रतिपिंडांच्या चाचणीनं, किंवा घशातला स्राव आणि लघवी यांच्या पीसीआरनं.

इथं पहिली गुंतागुंत येते. पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत रक्त घेतलं, तर खरोखर गोवर असलेल्या साधारण चारांतल्या एका मुलाचा आयजीएम अहवाल नकारार्थी येऊ शकतो. शरीरानं ते अजून पुरेसं बनवलेलं नसतं. उलट, लस घेतल्यावर आठवडा-दीड आठवड्यानं काही मुलांना हलका ताप आणि पुरळ येतं, आणि त्यांचं आयजीएम सकारार्थी निघतं. साथीत एकीकडं घरोघरी लस टोचली जात असते, दुसरीकडं पुरळ मोजलं जात असतं. अशा वेळी विषाणू लशीतला की साथीतला हे त्याचा जनुकीय प्रकार पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणजे 'निश्चित' हा शब्द आपण जितका घट्ट समजतो तितका घट्ट नसतो. तो वेळेवर, नमुन्यावर आणि ज्यानं नमुना घेतला त्याच्या घाईवर अवलंबून असतो.

दुसरी गुंतागुंत अशी की मोठ्या साथीत प्रत्येक मुलाचं रक्त घेणं शक्य नसतं आणि घ्यायची गरजही नसते. एका घरातल्या थोरल्याचा अहवाल गोवर म्हणून आला आणि दोन आठवड्यांनी धाकट्याला तसंच पुरळ उठलं, तर धाकट्याची चाचणी न करताही तो गोवरच धरतात. एकाचं पुरळ आणि दुसऱ्याचं पुरळ यांत सात ते एकवीस दिवसांचं अंतर, आणि दोघांचा संपर्क, असा तो हिशेब असतो. याला साथसंबंधानं निश्चित झालेला रुग्ण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत यापुढं आणखी एक रकाना आहे. लक्षणं सगळी गोवराची, पण नमुना घेतला नाही आणि कुणाशी संबंधही जुळला नाही, तर तो लक्षणांवरून धरलेला रुग्ण. या रकान्याकडं जाणकार वेगळ्या नजरेनं पाहतात. तो फुगलेला दिसला की गोवर किती आहे हे सोडाच, यंत्रणा वेळेवर पोचली नाही असं समजायचं. माझी भाची फार तर या रकान्यात बसली असती. पण तिथं बसायलाही कुणीतरी कागदावर नाव लिहावं लागतं.

आणि शेवटचा रकाना फेटाळलेल्यांचा. चाचणी झाली, गोवर नाही, रुबेलाही नाही. बातम्यांत याला कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा रकाना हाच.

जागतिक आरोग्य संघटनेनं गोवराच्या सर्वेक्षणाचा दर्जा ठरवायला जे निकष लावलेत, त्यांत एक असा आहे : दर एक लाख लोकसंख्येमागं वर्षाला किमान दोन रुग्ण असे सापडले पाहिजेत, ज्यांना ताप-पुरळ होतं, ज्यांची चाचणी झाली, आणि ज्यांना गोवरही नव्हता, रुबेलाही नव्हता. मुंबईला हे लावून बघू. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाखांच्या घरात. (त्यानंतर जनगणनाच झाली नाही, हा वेगळा रडका विषय. लसीकरणाची टक्केवारी काढताना भागायचं कशानं, हाच प्रश्न पडतो.) म्हणजे वर्षाला साधारण अडीचशे मुलं. आठवड्याला पाच. तेव्हाच्या चोवीस विभागांत वाटलं, तर एका विभागाला महिन्याला एकसुद्धा पूर्ण येत नाही. एम पूर्व विभागाची, म्हणजे गोवंडी-मानखुर्द-देवनारची, त्याच जनगणनेतली लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास. त्यांच्या वाट्याला वर्षाला सोळा.

सोळा मुलं. मुंबईतल्या एखाद्या बऱ्या चाललेल्या दवाखान्यात पावसाळ्याच्या एका महिन्यात ताप आणि पुरळ घेऊन याहून जास्त मुलं येत असावीत. तेव्हा निकष अवघड नाही. पण एखाद्या विभागानं सहा महिन्यांत असं एकही मूल सापडवलं नसेल, आणि त्या विभागाचा गोवराचा आकडाही शून्य असेल, तर ते शून्य कशाचं? गोवर नसल्याचं की कुणी बघितलंच नसल्याचं? कागदावर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात.

हे डोकं काही नव्यानं चालवायची गरज नाही. पोलिओच्या वेळी आपण हेच केलं. लुळं पडलेलं प्रत्येक मूल शोधायचं, कारण काहीही असो. चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, तपासायचे. बहुतेक मुलांना पोलिओ नसायचा, आणि हे 'नसायचा' मोजूनच यंत्रणा जागी आहे की झोपली आहे हे ठरायचं. मुंबईत तर २००१पासून सांडपाण्याचे नमुने घेऊन विषाणू शोधला जात होता, म्हणजे मूल आजारी पडायची वाटही बघितली जात नव्हती. १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यातल्या एका मुलीत शेवटचा पोलिओ सापडला आणि २७ मार्च २०१४ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. मधल्या तीन वर्षांत 'आमच्याकडं रुग्ण नाही' एवढं म्हणून कुणी ऐकून घेतलं नसतं. रुग्ण नाहीत हे दाखवायला हजारो पोलिओ नसलेली मुलं दाखवावी लागली.

आता २०२२कडं परत. ऑक्टोबरच्या शेवटी गोवंडीच्या रफी नगरात दोन दिवसांत तीन मुलं दगावली आणि शहराला गोवर आठवला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राचं पथक आलं. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात खाटा भरायला लागल्या. आरोग्यसेविका गल्ल्या पालथ्या घालू लागल्या. रोजच्या पत्रकात किती घरं पाहिली, किती मुलांना जीवनसत्त्व अ दिलं हेही येऊ लागलं. झालेल्या कामाला नावं ठेवायची नाहीत. पण क्रम बघा. मृत्यू आधी, रुग्णसंख्या नंतर.

गोवरानं बरी वैद्यकीय सोय असलेल्या देशांत हजार मुलांमागं एक ते तीन दगावतात. कुपोषण आणि गर्दी असेल तर प्रमाण बरंच वाढतं. तरीही एका वस्तीत तीन मृत्यू एकदम दिसतात तेव्हा त्यांच्यामागं न मोजलेल्या मुलांची लांब रांग उभी असते. ती रांग दोन दिवसांत तयार होत नाही. लागण झाल्यापासून पुरळ उठायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि मूल पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत इतरांना आजार देऊ शकतं. लस नसलेल्यांमध्ये एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करतो. एकापासून शंभरावर जायला लागणीच्या फार तर दोन पिढ्या, म्हणजे महिनाभर. त्या महिन्यात रफी नगरातली मुलं कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात गेली असणारच. तिथंही कुणीतरी 'व्हायरल रॅश' लिहिलं असणार, जसं चेंबूरला लिहिलं. फरक एवढाच की माझी भाची चांगली खाऊनपिऊन असलेली होती.

हे फक्त आपल्याकडं होतं असं समजायचं कारण नाही. अमेरिकेनं २०००मध्ये गोवर हटवल्याचं जाहीर केलं होतं. २०२५च्या जानेवारीअखेर टेक्सासच्या पश्चिम भागात साथ सुरू झाली आणि १८ ऑगस्टला ती संपल्याचं जाहीर होईपर्यंत ७६२ निश्चित रुग्ण आणि दोन मुलांचे मृत्यू नोंदले गेले. शेजारच्या न्यू मेक्सिकोत एक प्रौढ माणूस दवाखान्यात न जाताच वारला, आणि त्याला गोवर होता हे मृत्यूनंतरच्या तपासणीत कळलं. पैसा, प्रयोगशाळा, संगणक सगळं असताना हे झालं. तिथली केंद्रीय संस्था, सीडीसी, आपल्या पानावर फक्त निश्चित रुग्ण मोजते आणि संभाव्य रुग्ण या आकड्यात नाहीत असं स्पष्ट लिहूनही ठेवते. तेवढी एक ओळ मला आवडली. आकडा काय आहे याबरोबर तो काय नाही हेही सांगितलं, की वाचणारा सावध होतो.

अशीच आणखी एक गोष्ट आलेखांची. साथीचा आलेख पुरळ उठल्याच्या तारखेनं काढतात, अहवाल आल्याच्या तारखेनं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळं शेवटचे दोन-तीन स्तंभ नेहमी बुटके दिसतात. या आठवड्यात पुरळ उठलेल्या मुलांचे नमुने अजून वाटेत असतात. मग कुणीतरी तो उतार बघून 'गोवर ओसरू लागला' अशी बातमी देतं. पंधरा दिवसांनी तेच स्तंभ चुपचाप उंच होतात. तेव्हा कुणी बघत नाही.

मृत्यूंचंही तेच. गोवराचं मूल बहुतेकदा न्यूमोनियानं किंवा जुलाबानं जातं. पुरळ गेलेलं असतं, कातडी सोलवटून निघत असते, आणि दाखल्यावर 'न्यूमोनिया' लिहिलं जातं. म्हणून नियम असा आहे की पुरळ उठल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला आणि अपघातासारखं उघडच वेगळं कारण नसेल, तर तो गोवराचा धरायचा. हा नियम पाळायचा, तर दाखला लिहिणाऱ्याला महिन्यापूर्वीच्या पुरळाबद्दल आईला विचारावं लागतं. २०२२मध्ये मृत्यू-परीक्षण समितीकडं जाणारे संशयित मृत्यू आणि निश्चित मृत्यू असे दोन आकडे फिरत होते, शिवाय 'मुंबईबाहेरील' असा तिसरा. भिवंडीचं किंवा नालासोपाऱ्याचं मूल मुंबईच्या रुग्णालयात दगावलं तर ते मुंबईच्या खात्यात धरायचं नाही. हिशेबाच्या दृष्टीनं हे योग्य आहे. पण नालासोपाऱ्याहून लोकलनं रोज दादरला येणाऱ्या विषाणूला ही हद्द माहीत नाही, आणि भिवंडीच्या आकड्याकडं त्या संध्याकाळी मुंबईतलं कुणी बघत नव्हतं.

आता माझ्या मागणीवरचे आक्षेप.

पहिला आक्षेप असा की इतके आकडे लोकांसमोर ओतले तर गोंधळ उडेल, घबराट होईल. कोविडनं हा मुद्दा निकालात काढला असं मला वाटतं. तेव्हा गल्लीतला भाजीवालासुद्धा पॉझिटिव्हिटी रेट बोलत होता. १६ जून २०२०ला राज्यानं हिशेब जुळवताना १,३२८ जुने मृत्यू एकदम जोडले, त्यांतले ८६२ मुंबईचे होते. त्या दिवशी टीका झाली, पण ती आधी का जोडले नाहीत यासाठी झाली. आकडा सुधारला म्हणून शहर कोसळलं नाही. आकडे सुधारत राहतात हे आधीपासून सांगितलं असतं, तर तेवढीही टीका झाली नसती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. विभागवार आकडे दिले की वस्ती बदनाम होते. गोवंडी आधीच बदनाम आहे. डम्पिंग ग्राउंड, क्षयरोग, आणि आता गोवर. हे खरं आहे, आणि म्हणूनच नुसते निश्चित रुग्ण छापणं जास्त अन्यायाचं आहे. ज्या विभागात सेविका दारोदार फिरल्या, नमुने घेतले, तिथं रुग्ण जास्त दिसणारच. ज्या विभागात मुलं खाजगी दवाखान्यांत विरून गेली तो विभाग स्वच्छ दिसतो. शेजारी तपासलेल्या मुलांचा आकडा असेल, तरच हे कळेल की एम पूर्वनं जास्त शोधलं म्हणून जास्त सापडलं, की तिथं खरोखरच जास्त होतं. बहुधा दोन्ही. पण किती कशामुळं, हे नुसत्या निश्चित रुग्णांवरून कधीच सांगता येणार नाही.

बदनामीची भीती मोजणीला कशी खाते हे या शहराला नवीन नाही. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर घरांच्या झडत्या, सक्तीनं रुग्णालयात नेणं हे सुरू झालं, आणि लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. तेव्हाचं आर्थर रोडचं संसर्गजन्य आजारांचं रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. सव्वाशे वर्षांत झडत्या गेल्या, पण मोजलं जाण्याची किंमत पुरती गेली नाही. गोवंडीहून हार्बरनं कुर्ला, तिथं गाडी बदलून चिंचपोकळी, कडेवर तापानं फणफणलेलं मूल, घरी दुसरी दोन, आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली. बापाला नाव नोंदवण्यात काय मिळतं? मूल आजारी आहे हे सांगितल्यावर घरी कुणीतरी येऊन जीवनसत्त्व अ देईल, धाकट्याला लस देईल, खायला काही देईल, असं झालं तर तो स्वतःहून सांगेल. आलेला माणूस फक्त फॉर्म भरून जात असेल, तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

तिसरा आक्षेप मला प्रशासनातल्या एका ओळखीच्या माणसानं चहाच्या टपरीवर ऐकवला. "अहो, सांगायला सोपं आहे. नमुना घेणार कोण?" त्याचं बरोबर आहे. ताप-पुरळाची पहिली खबर देते ती आरोग्यसेविका. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि ते वाढावं म्हणून ती वर्षानुवर्षं आझाद मैदानात बसते आहे. तिच्याकडंच पोलिओ, तिच्याकडंच कुष्ठरोग, तिच्याकडंच गरोदर बायांची यादी. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४मध्ये सुरू झाला तेव्हा तीन फॉर्म ठरले : सेविकेचा संशयितांचा, डॉक्टरचा निदानाचा, प्रयोगशाळेचा निश्चितीचा. आता ते संगणकावर गेले. पण मधला फॉर्म, डॉक्टरचा, मुंबईसारख्या शहरात अडकतो. कारण इथली बहुसंख्य मुलं आधी खाजगी डॉक्टरकडं जातात, आणि त्या डॉक्टरच्या दृष्टीनं गोवर कळवणं म्हणजे फुकटचं काम आणि वर चौकशीचा त्रास.

म्हणून खर्च करायचाच असेल तर तो तिथं करा. प्रत्येक विभागातल्या सगळ्या बालरोगतज्ज्ञांना आणि वस्तीतल्या सगळ्या दवाखान्यांना, पदवी कुठलीही असो, एक फोन नंबर द्या. ताप-पुरळ दिसलं की एक संदेश. निदान लिहायची सक्ती नको. नमुना घ्यायला पालिकेचा माणूस घरी जाईल, अठ्ठेचाळीस तासांत. आणि अहवाल त्या डॉक्टरला परत कळवा, 'तुम्ही पाठवलेल्या मुलाला गोवर नाही' असासुद्धा. डॉक्टरला परत उत्तर मिळालं की तो पुन्हा कळवतो. मी पाहिलेल्या सगळ्या डॉक्टरांना एकच तक्रार असते : आम्ही कळवतो, पुढं काय झालं ते कधी समजतच नाही.

हा सगळा खटाटोप साथ ओसरल्यावर कशाला, असं कुणी विचारेल. देशानं गोवर-रुबेला हटवण्याची मुदत आधी २०२० ठेवली, मग २०२३, आता २०२६ आहे. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना मोहिमेत गोवर-रुबेलाची लस दिली गेली, आणि त्यानंतर चार वर्षांत गोवंडी घडलं. मधल्या काळात कोविडमुळं जगात २०२१ या एका वर्षात सुमारे चार कोटी मुलांचा गोवराच्या लशीचा एक तरी डोस चुकला. माझी भाची त्यांतलीच. दोन डोस घेतलेल्या शंभर मुलांतली सत्त्याण्णव सुरक्षित राहतात. नवव्या महिन्यात घेतलेल्या एकाच डोसानं पंच्याऐंशीच्या आसपास. साथ रोखायला मात्र वस्तीतली पंच्याण्णव टक्के मुलं दोन्ही डोस घेतलेली हवीत. उरलेली पोरं कुठल्या गल्लीत साठत चालली आहेत हे लसीकरणाच्या टक्केवारीतून कळत नाही, कारण छेदच धूसर आहे. ते कळतं ताप-पुरळाच्या प्रत्येक मुलापाशी जाऊन 'लशीचं कार्ड दाखवा' म्हटल्यावर. म्हणजे गोवर नसलेलं मूलही काहीतरी सांगून जातं. त्याच्या कार्डावर दुसरा डोस नाही, आणि त्याच्या शेजारच्या तीन घरांतही नाही.

हटवल्याचं प्रमाणपत्र द्यायचं तर सलग तीन वर्षं आपल्याकडं संसर्गाची साखळी सुरू नव्हती हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवताना सर्वेक्षण चांगलं चालू होतं हेही. शून्य रुग्णांचा कागद एकटा चालत नाही. कॅनडानं २०२५च्या नोव्हेंबरात हा दर्जा गमावला, कारण तिथं एकच साखळी बारा महिन्यांहून जास्त चालली. ती साखळी इतके महिने चालली हे कळलं, कारण ते मोजत होते.

परवा बहिणीकडं गेलो होतो. भाची आता शाळेत जाते. कपाटातून लशीचं पिवळं पडलेलं कार्ड काढलं, राहिलेला डोस नंतर घेतलेला आहे. मी उगाच विचारलं, आता रक्त तपासलं तर कळेल का की तिला तेव्हा गोवर झाला होता? डॉक्टर असलेल्या मित्रानं फोनवर सांगितलं, नाही. आयजीएम त्या वेळच्या त्या वेळी असतं, थोड्या आठवड्यांत विरतं. आता सापडेल ते आयजीजी, हे वर्षानुवर्षं टिकणारं प्रतिपिंड, आणि ते लशीचं की आजाराचं, हे चाचणी सांगत नाही.